हात लावण्याआधी सांगणारी

सिस्टरबाईंना मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ धजत नाही. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, मी खालच्या. इतक्या वर्षांत आमचं बोलणं झालं ते जिन्यात. कधी पाण्याच्या टाकीवरून, कधी गेलेल्या बल्बवरून. त्या चहात साखर घेत की नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. पुढे जे लिहितो आहे त्यातलं थोडं त्यांनीच पायरीवर बसून सांगितलेलं. बरंचसं त्यांच्या सासूबाईंनी वरून खाली ऐकू येईल अशा आवाजात सांगितलेलं, आणि उरलेलं एका बस कंडक्टरने. मधल्या भेगा मी अंदाजाने बुजवल्या आहेत. गवंडी काही फार चांगला नाही, एवढं समजून घ्यावं.

सिस्टरबाई हाडांच्या वॉर्डात काम करत. त्यांची एक सवय सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होती. शिकत असताना त्यांच्या ट्यूटरबाईंनी पहिल्याच दिवशी मुलींना बजावलं होतं, "पेशंटला हात लावण्याआधी सांगायचं. काय करतोय, कुठं करतोय, किती देतोय. मग तो झोपलेला असो, शुद्धीवर नसो, नाहीतर जगावर रुसून भिंतीकडे तोंड करून पडलेला असो." बाकीच्या मुली परीक्षा होईपर्यंत तसं वागल्या आणि पास झाल्यावर विसरल्या. सिस्टरबाईंना विसरणं काही जमलं नाही.

त्यात आवाज मुळातच खणखणीत. त्यांचं लहानपण पिठाच्या गिरणीच्या माडीवर गेलेलं. गिरणी चालू असताना आईला 'भूक लागली' हे सांगायचं तर गिरणीच्या वर आवाज चढवावा लागे. गिरणी सुटली, आवाज राहिला.

"आजोबा, उजवा दंड. बारीक टोचेल. टोचलं. झालं, सुई बाहेर."

"ताई, पाय उचलतेय. गुडघ्याखाली हात घातलाय. आता उशी सारतेय."

सवय अशी अंगात मुरलेली की घरीही सुटेना. सासूबाई जेवून उठल्या की या म्हणत, "आई, ताट उचलतेय हं."

"उचल की," सासूबाई म्हणत. "ताटच उचलतेयस ना? विमान उडवल्यासारखं काय सांगतेस!"

सिस्टरबाईंचे यजमान दूरच्या गावी धरणावर नोकरीला. ते सुट्टी मिळेल तसे यायचे. मुलगी लग्न होऊन गेलेली. त्यामुळे घरात या दोघीच, आणि दोघींचे आवाज. माझ्या घरात रेडिओ नव्हता, पण उणीव कधी भासली नाही.

हाडांच्या वॉर्डात त्या वर्षी खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर होते. सारा जन्म चालत्या बसच्या पायरीवर उभं राहून काढलेला हा माणूस घरी पडदे लावताना स्टुलावरून पडला आणि पाय मोडून घेतला. स्वभाव तिखट. त्यांना दुपारी झोप लागे आणि नेमकं तेव्हाच सिस्टरबाईंचं औषधांचा ट्रे घेऊन फिरणं सुरू होई.

"ओ बाई," कंडक्टर पांघरुणातून म्हणत, "मी गच्च भरलेल्या बसमध्ये तिकिटं फाडलीत. तुमच्यापुढे माझा आवाज म्हणजे मांजराचं पिल्लू. जरा हळू."

"कंडक्टरसाहेब, तुमचीच पाळी आहे. गोळी देतेय. पांढरी, एक. पाण्याबरोबर."

"दिसतंय मला, डोळे नाही मोडले माझे!"

हे प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. कंडक्टरांनी मेट्रनबाईंकडे तोंडी तक्रार केली. काही झालं नाही म्हणून पुन्हा केली. मग डॉक्टरांच्या राउंडला सगळ्यांसमोर केली. मेट्रनबाई दर वेळी 'बघते' म्हणत आणि सिस्टरबाईंना म्हणत, "अगं, जरा खालच्या पट्टीत बोल ना." सिस्टरबाई एक दिवस खालच्या पट्टीत बोलत. दुसऱ्या दिवशी पट्टी परत जागच्या जागी.

कंडक्टरांच्या शेजारच्या खाटेवर, पडद्यापलीकडे बायकांच्या बाजूला, एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. अंगाने काटकुळ्या, बोलायला गोड. वेदना फार, पण देह इतका नाजूक की डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन अर्धंच द्यायला सांगितलं होतं.

त्या दुपारी सिस्टरबाईंनी नेहमीसारखं सांगितलं, "आजी, दुखण्याचं इंजेक्शन देतेय. डावा दंड. अर्धंच देतेय हं, डॉक्टरांनी अर्धं सांगितलंय."

पडद्यापलीकडून कंडक्टर गरजले, "अर्धं तिकीट! आजींना अर्धं तिकीट!"

"अरे मेल्या," आजी हळूच म्हणाल्या, "एवढं वय झालं माझं, पूर्ण तिकीट फाड की."

सगळा वॉर्ड हसला. पाय टांगलेले हसले, हात बांधलेले हसले. सिस्टरबाईसुद्धा हसल्या. इंजेक्शन दिलं, सुई टाकली, पुढच्या दोन खाटा उरकल्या आणि मग आजींच्या औषधाच्या तक्त्यावर सही करायला पेन काढलं. तेवढ्यात आजींचा मुलगा आला.

हा मुलगा म्हणजे चांगला पोक्त, केस पिकलेला, सोनेरी काड्यांचा चष्मा लावणारा माणूस. आला तो रोज यायचा तसाच, पण येताच त्याने पडदा पूर्ण ओढून घेतला. सिस्टरबाईंना ते खटकलं. पेन तसंच खिशात ठेवून त्या पडद्याआड गेल्या. आजी औषधाने गुंगीत होत्या, तोंड थोडं उघडं. मुलाच्या हातात एक कागद आणि शाईचं पॅड. आजींचा अंगठा त्याच्या चिमटीत.

सिस्टरबाई भांडल्या नाहीत. कागद कसला, घराचा की आणखी कशाचा, हे त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी फक्त जे रोज करत तेच केलं.

"आजी," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमचा मुलगा तुमच्या अंगठ्याला शाई लावतोय. कागदावर तुमचा अंगठा उमटवणार आहे. तुम्हाला कळतंय का? कळत असेल तर मान हलवा."

आजींची मान हलली नाही.

"त्यांना आत्ता कळत नाहीये," सिस्टरबाई मुलाला म्हणाल्या. "संध्याकाळी जाग्या होतील, तेव्हा या. आता मी त्यांचा हात धरतेय. अंगठा पुसतेय."

मुलाचा चेहरा असा झाला की जणू भर रस्त्यात धोतर सुटलं. तो कागद घडी करून निघून गेला. तेवढ्यात खालून अपघाताची एक केस आली, सिस्टरबाई तिकडे धावल्या, आणि तक्त्यावरची सही राहिली ती राहिलीच.

आजी घरी गेल्या. पण वॉर्डातली गोष्ट वॉर्डात राहत नाही. आजींच्या मुलीला कुणीतरी ती सांगितली, मुलगी भावाच्या दारात उभी राहिली, आणि भावाला सारवासारव करणं भाग पडलं. तो म्हणाला, शाईबिई काही नव्हती. नर्सनेच दुप्पट इंजेक्शन देऊन आईला बधिर केलं, मी जाब विचारला तर आईचा हात पिरगळला, आरडाओरडा केला, आणि आता स्वतःचं पाप झाकायला माझ्यावर ढकलतेय. एकदा बोलला ते खरं दिसावं म्हणून त्याने ते नर्सिंग कौन्सिलला लिहून दिलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मलाही नंतरच कळलं. नर्सचं नाव कौन्सिलच्या नोंदणीत असतं म्हणून ती नर्स. ते नाव खोडलं की तिला या गल्लीतल्या दवाखान्यातसुद्धा पट्टी बांधता येत नाही. सिस्टरबाईंना दुसरं काही येत नव्हतं. स्वयंपाकाबद्दल सासूबाईंचं जे मत होतं ते मी इथे लिहीत नाही.

नोटीस आली त्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या. हातात लिफाफा होता, पण मला वाटलं विजेचं बिल असेल. "काका, जिन्यातला दिवा गेलाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "उद्या बदलतो." त्या "बरं" म्हणाल्या आणि वर गेल्या. आवाज एवढा बारीक की मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण विचारायचं कसं, हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

मेट्रनबाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मेट्रनबाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तक्रार खोटी आहे हे मला कळतंय. पण चौकशी म्हणजे वर्ष वर्ष चालणारं लचांड. आजींच्या मुलाचा निरोप आहे, तू माफी लिहून दिलीस तर तो तक्रार मागे घेईल. दोन ओळी खरडून टाक."

"कशाची माफी, मॅडम?"

"गैरसमजाबद्दल दिलगीर आहे, असं काहीतरी. मोघम लिही."

"मोघम मला लिहिता येत नाही. डावा दंड की उजवा, हे सांगितल्याशिवाय मी सुई टोचत नाही."

"आवाज कमी," मेट्रनबाई सवयीने म्हणाल्या. मग उसासा टाकून म्हणाल्या, "घरी जाऊन विचार कर. पण निकाल लागेपर्यंत तुला वॉर्डात ठेवता येणार नाही. वरून हुकूम आहे."

सिस्टरबाईंना तळमजल्यावर निर्जंतुक करण्याच्या खोलीत पाठवलं. तिथे वाफेची मोठी भांडी, पांढरे कापडी गठ्ठे आणि गॉजच्या घड्या. माणूस नाही. दिवसभर गॉज कापायचं, घडी घालायची, डब्यात भरायचं. पहिले काही दिवस त्या गप्प होत्या. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं की आपण गॉजलाच सांगतोय, "घडी घालतेय हं." स्वतःचंच हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही.

घरी सासूबाईंना त्यांनी माफीबद्दल सांगितलं. खरं तर त्या लिहून द्यायच्या बेतात होत्या. वॉर्ड सुटल्यापासून त्यांना जेवण जात नव्हतं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू त्या बाईचा हात पिरगळलास?"

"आई! तुम्ही विचारताय?"

"विचारते. हो की नाही?"

"नाही."

"दुप्पट औषध दिलंस?"

"नाही."

"मग लिहून काय देणार? मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडतेय. तू पोळ्या जाड करतेस, झाकणं उघडी टाकतेस, माझ्या बहिणीला तोंडावर जाडी म्हणालीस. तुझ्या खऱ्या चुकांची माफी मला अजून मिळालेली नाही. त्या उपटसुंभाला खोट्या चुकीची फुकट देतेस होय? आधी माझी दे."

सिस्टरबाईंनी त्या रात्री भात दोनदा घेतला. हे सासूबाईंनीच मला सांगितलं, तेही जिन्यातून ओरडून.

नर्सेसच्या संघटनेने एक वकीलबाई दिल्या. वयाने लहान, कायम घाईत, पर्समध्ये बिस्किटांचा पुडा. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की त्या मुलाला फोन करायचा नाही, भेटायचं नाही, कुणाकडून निरोप धाडायचा नाही. जे बोलायचं ते चौकशीत.

"पण मी काही केलेलंच नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "कर नाही त्याला डर कशाला?"

"ही म्हण कुणी वकिलाने केलेली नाही, सिस्टर," वकीलबाई बिस्किट मोडत म्हणाल्या. "ज्याने केलंय तो तयारी करून येतो. ज्याने नाही केलं तो रिकाम्या हाताने येतो आणि तोंडात मारल्यासारखा उभा राहतो. बरं, तक्त्यावर काय आहे?"

सिस्टरबाईंनी सांगितलं. इंजेक्शनच्या रकान्यात सही नाही.

वकीलबाईंचं बिस्किट अर्ध्यावरच थांबलं. सही असती तर 'अर्धं दिलं' हे तिथेच दिसलं असतं. रकाना कोरा म्हटल्यावर कुणीही म्हणेल, एकदा दिलं, दोनदा दिलं, कोण जाणे.

या कोऱ्या रकान्यावर इलाज एका मैत्रिणीने आधीच सुचवला होता. वॉर्डातलीच, जीव लावणारी. ती तळमजल्यावर आली आणि कानात म्हणाली, "तक्ता अजून रेकॉर्डरूममध्येच आहे. मी काढते. तू सही टाक. निळं पेन, तुझीच सही, तूच दिलेलं इंजेक्शन. यात खोटं काय आहे?"

सिस्टरबाई गॉज कापत राहिल्या. खोटं काहीच नव्हतं, तेच अवघड होतं.

"सही त्या दिवशी केली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आज केली तर ती आजची. आणि आजची सही त्या दिवसाची म्हणून दाखवली, तर त्याच्यात नि माझ्यात फरक तो काय? तोही तेच करत होता. आजींना कळत नसताना त्यांचा अंगठा."

मैत्रीण चिडली. "तुझ्या या सोवळेपणाने नोकरी जाईल हं."

"जाईलही," सिस्टरबाई म्हणाल्या. "कात्री दे. नाही, ती नको, दुसरी."

साक्षीला कोण, हाही प्रश्नच होता. वॉर्डात त्या दिवशी असलेले पेशंट आपापल्या घरी गेलेले. त्यांचे पत्ते हॉस्पिटलच्या कागदांत होते, पण स्वतःच्या कामासाठी पेशंटचा पत्ता काढणं सिस्टरबाईंना पटेना, आणि वकीलबाईंनीही नको म्हटलं. रीतसर मागणी केली होती, उत्तर येत नव्हतं. आजींना बोलवावं का, असं वकीलबाईंनी विचारलं तर सिस्टरबाई म्हणाल्या, "त्या त्याच्याच घरी राहतात. त्याच्याच हातचं पाणी पितात. त्यांना त्रास नको."

आणि मग कंडक्टर आले.

ते आले होते प्लास्टर काढून घ्यायला. ड्रेसिंगच्या खोलीत नव्या नर्सने काही न सांगता त्यांच्या दंडात सुई खुपसली. कंडक्टर खुर्चीतून इतके उडाले की मोडलेला पाय बरा झाल्याची डॉक्टरांना खात्री पटली.

"अहो, सांगायचं नाही का आधी?" ते ओरडले. "ती कुठं गेली, ती लाउडस्पीकर?"

नर्सने दबक्या आवाजात सांगितलं. कंडक्टरांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. मग त्यांनी कुबड्या घेतल्या आणि विचारत विचारत तळमजला गाठला.

सिस्टरबाई घड्या घालत होत्या. दारात कुबडी वाजली.

"हात पिरगळलात म्हणे तुम्ही आजींचा?" कंडक्टर म्हणाले.

सिस्टरबाईंनी मान खाली घातली. "वकीलबाईंनी कुणाशी बोलू नका म्हणून सांगितलंय, कंडक्टरसाहेब."

"तुम्ही नका बोलू. बोलायची हौस मला आहे. कुठं यायचं ते सांगा."

"तुमचं नाव वकीलबाईंना सांगू?"

"सांगा. आणि हेही सांगा की तुमचं माझं पटत नाही. नाहीतर तिथे वाटेल, मी तुमचा कुणी मामा लागतो."

चौकशीची खोली लांबट होती. तीन सदस्य, पाण्याचा जग, उलटे ठेवलेले पेले आणि करकरणारा पंखा. अध्यक्षबाई स्वतः जुन्या नर्स होत्या, त्यांचे हात पाहूनच सिस्टरबाईंना ते कळलं. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. सोनेरी चष्म्याचा मुलगा समोर बसला होता. तो शांतपणे, चांगल्या शब्दांत बोलला. ऐकताना सिस्टरबाईंना क्षणभर वाटलं, हा सांगतोय ती बाई खरंच वाईट दिसते.

मग कंडक्टरांना बोलावलं.

"या सिस्टरबद्दल तुम्हाला आपुलकी आहे का?" एका सदस्याने विचारलं.

"मुळीच नाही. माझी एक दुपार झोप झाली असेल तर शपथ. मेट्रनबाईंना विचारा, मी तीनदा तक्रार केलीय."

मेट्रनबाई मागे बसल्या होत्या. त्यांनी खाली बघत मान डोलावली. "हो. मोठ्याने बोलण्याबद्दल. तिन्ही वेळा."

"तुमच्या आणि त्या आजींच्या मध्ये पडदा होता. तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं नाहीच. दिसायला कशाला हवं? त्या बाईचं सगळं ऐकूच येतं. इंजेक्शन डाव्या दंडात, अर्धं. 'अर्धंच देतेय हं' असं म्हणाल्या. मी 'अर्धं तिकीट' म्हणून ओरडलो. आजी म्हणाल्या, पूर्ण फाड. सगळा वॉर्ड हसला. सही केली की नाही ते मला माहीत नाही. नंतर शाईचं. 'अंगठ्याला शाई लावतोय, कळतंय का आजी?' मग 'हात धरतेय, अंगठा पुसतेय.' झालं."

दुसऱ्या सदस्याने चष्मा सरसावला. त्याचा प्रश्न रास्त होता. "समजा तिने हात पिरगळला असता, तर ते ती मोठ्याने सांगेल का?"

कंडक्टरांनी कुबडीची मूठ चोळली.

"एकदा माझ्या पायाची पट्टी काढताना त्यांच्याकडून जोरात ओढली गेली," ते हळू म्हणाले. "मी डोळे मिटून होतो. मला वाटलं, जखमच तशी आहे, दुखणारच. त्या आपणहून म्हणाल्या, 'माझं चुकलं, जास्त ओढली गेली.' नसत्या म्हणाल्या तर मला कळलंही नसतं. म्हणून म्हणतो, सांगितलं असतं त्यांनी. सांगितल्याशिवाय त्यांना राहवतच नाही, तो रोगच आहे."

अध्यक्षबाईंनी सिस्टरबाईंकडे पाहिलं. "या तक्त्यावर सही का नाही?"

वकीलबाईंनी बारीक खूण केली, थोडक्यात बोला.

"मी केली नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "पेन काढलं होतं. पडदा ओढलेला दिसला म्हणून आत गेले. मग दुसरी केस आली आणि राहिली. ती चूक माझी आहे. ती माझ्या नावावर लिहा. पण तेवढीच."

निकाल लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. तक्रार फेटाळली. नोंदणी कायम. सही राहिल्याबद्दल लेखी समज.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय झालं?"

"समज दिली," सिस्टरबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी भिंतीला हात टेकला. "म्हणजे गेलं?"

"नाही हो. सही राहिली होती ना माझी, तिची समज. बाकीचं फेटाळलं."

"अगं, मग आधी ते सांग ना भवाने! गाडी आधी आणि बैल मागून!" सासूबाईंनी जे तोंड सोडलं ते मी खाली बसून पूर्ण ऐकलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, "बस, चहा टाकते." त्यांनी सुनेसाठी चहा टाकल्याचं मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी, पण तशी ती संपली नाही. वॉर्डात परत गेल्यावर सिस्टरबाई हळू बोलायला लागल्या. सही आधी, सुई नंतर, असं काहीबाही त्यांच्या डोक्यात बसलं. कुणाचा नातेवाईक जवळ आला की त्या दचकत. पेशंटना सांगत, पण ओठांतल्या ओठांत. सगळे म्हणाले, बरं झालं, शांत झाली. कंडक्टर तपासणीला आले तेव्हा त्यांनी हे पाहिलं आणि दारातून गरजले, "बाई, काय म्हणालात? मागच्या सीटला ऐकू नाही आलं!" वॉर्ड हसला. सिस्टरबाई हसल्या नाहीत. आवाज परत यायला वेळ लागला. पुरा पूर्वीसारखा आला की नाही, हे मला सांगता येणार नाही. मलाही तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं.

आजींचं पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. सिस्टरबाई कधी कधी म्हणत, "खुबा बसला असेल नीट."

त्या निवृत्त झाल्या. सासूबाई गेल्या. यजमानांना धरणाजवळच घर मिळालं, तेव्हा त्यांनी तिकडे जायचं ठरवलं. त्याच सुमारास माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. थेंब घालायला माझ्याकडे कुणी नव्हतं आणि माझ्या हातून थेंब गालावर पडत. हे त्यांना कुणी सांगितलं ते माहीत नाही. त्या रोज सकाळी खाली येत. आमच्यात बोलणं असं नव्हतंच, त्या सांगत आणि मी ऐकत असे.

सामान गाडीत चढलं त्या दिवशीही आल्या. पदर खोचलेला, हाताला साबणाचा वास. वर्षभराने त्या तिकडे झोपेतच गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. तेव्हा मी पुष्कळ आठवून पाहिलं, आपण त्या दिवशी काही चांगलं बोललो होतो का. नव्हतो. त्या शेवटच्या सकाळचं बोलणं ते एवढंच.

"काका, मान मागे. उजवा डोळा. खालची पापणी ओढतेय."

"हं."

"एकच थेंब. चुरचुरेल."

"चुरचुरलं."

"मिटून घ्या, चोळू नका. बाटली खिडकीत ठेवतेय, डाव्या हाताला. उद्यापासून समोरच्या घरातली सून येईल, तिला सांगून ठेवलंय."

"बरं."

"आता मी दार ओढून घेतेय हं, काका."

"ओढा."